‘डॉ.’ लावण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एका जुन्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. त्यांच्या कन्येने मानसशास्त्रात एम.ए. पूर्ण केले असून आता तिला ‘माइंड-बॉडी अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ या विषयात, म्हणजे मन आणि शरीर यांचा परस्परसंबंध ध्यानात घेणाऱ्या एकात्मिक चिकित्सेच्या क्षेत्रात, पीएच.डी. करायची आहे. घरात त्यावरून तीन मते पडली होती. आईला पुढे नोकरीचे काय, ही चिंता. वडिलांना मुलीच्या नावाआधी ‘डॉ.’ लागणार याचे अप्रूप. आजोबांचा मुद्दा निराळाच होता. मन आणि शरीर वेगळे नाही हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेच आहे, मग त्यात आणखी कसले संशोधन करायचे राहिले, असे त्यांचे म्हणणे. तुम्ही लेखणीच्या व्यवसायातले, तेव्हा काय ते सांगा, असा आग्रह झाला.

मी कला शाखेचा पदवीधर. वैद्यकातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु इतक्या वर्षांच्या पत्रकारितेने एक खोड लावली आहे. कोणी काही छातीठोकपणे सांगितले की ‘कशावरून?’ असे विचारल्यावाचून राहवत नाही. त्या कुटुंबाशी जे बोललो ते थोड्या विस्ताराने येथे मांडतो, कारण योग, ध्यान आणि आयुर्वेद यांना विद्यापीठांत स्थान मिळू लागल्यापासून हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जात आहे.

प्रथम वडिलांविषयी. पीएच.डी. म्हणजे विद्यावाचस्पती. ही संशोधनाची पदवी आहे, रोग्यावर उपचार करण्याचा परवाना नव्हे. आपल्याकडे आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करायचा तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली, आणि आयुर्वेदाचा करायचा तर २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धतीविषयक कायद्याखाली नोंदणी लागते. ती एम.बी.बी.एस. वा बी.ए.एम.एस. अशा पदवीवर होते, प्रबंधावर नाही. नावाआधी ‘डॉ.’ लावण्याचा मान संशोधकाला आहेच, इतिहासात पीएच.डी. केलेलेही तो लावतात. पण इतिहासाच्या डॉक्टरांकडे कोणी मधुमेह घेऊन जात नाही. या विषयाच्या डॉक्टरांकडे जातात, आणि घोटाळा तेथेच होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या नात्यातील एक गृहस्थ कित्येक वर्षे इन्शुलिन घेत होते. एका केंद्रातील ‘डॉक्टरां’नी त्यांना विशिष्ट श्वसनक्रिया आणि आहार सांगून इन्शुलिन पूर्ण बंद करायला लावले. पाच आठवड्यांनी त्यांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. जीव वाचला, पायाची दोन बोटे गेली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की त्या माणसाची पदवी बनावट नव्हती, रीतसर मिळवलेली होती. ती कशाची आहे हे विचारायचे मात्र आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पण त्या केंद्राने जाहिरात केलीच नव्हती. तोंडोतोंडी झालेली कीर्ती आणि दारावरची पाटी एवढ्यावर सारे चालले होते. ती पाटी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा माझ्या स्नेह्यांना मी सरळ विचारले, तुमच्या मुलीला उपचार करायचे आहेत की शोध घ्यायचा आहे? उपचार करायचे असतील तर तिचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे. शोध घ्यायचा असेल तर पुढे बोलू.

शोध म्हणजे काय, याचे या क्षेत्रातील एक उदाहरण मला फार आवडते. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते वैद्य नव्हते. उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजायचे आणि त्याबरोबर मळमळ आणणारे एक औषध टोचायचे, म्हणजे पुढे ते गोड पाणी टाळू लागतात, एवढाच त्यांचा प्रयोग होता. नंतर औषध बंद करून नुसते गोड पाणी दिले, तेव्हा काही उंदीर मरू लागले. औषध तर आता दिलेलेच नव्हते! एडर यांनी नोंदी तपासल्या. ज्यांनी आरंभी गोड पाणी अधिक प्यायले होते तेच अधिक मरत होते. ते औषध, सायक्लोफॉस्फामाइड, शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारे होते. शरीराने त्या चवीशी औषधाचा परिणाम जोडून टाकला होता काय? निकोलस कोहेन या प्रतिकारशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी पुन्हा प्रयोग केला आणि १९७५ साली निबंध प्रसिद्ध केला. प्रतिकारयंत्रणा मेंदूशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे चालते, हा त्या काळचा समज त्यामुळे डळमळला आणि एक नवी विद्याशाखा उभी राहिली. मेलेले उंदीर ही प्रयोगातील कटकट समजून त्यांनी दुसरे उंदीर मागवले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

आता आजोबा. त्यांचे म्हणणे आपल्यापैकी पुष्कळांना मनातून पटते, हे मी जाणून आहे. म्हणूनच त्यावर जरा रेंगाळतो.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसापुढे उभा होता. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव, पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झाले. जन्म १८८३ चा. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवलेला हा विद्यार्थी बडोद्यात शिकला, तेथेच राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडला, आणि नंतर अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात रमला. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून त्यांनी योगाची दीक्षा घेतली. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, तेही कला शाखेचेच पदवीधर. (आम्हा बी.ए. मंडळींना अभिमानाने सांगता येतील अशी नावे थोडी आहेत, त्यांतले हे एक.)

गुरूवर त्यांची अढळ श्रद्धा होती. तरीही त्यांनी काय केले? बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे योगाभ्यासी उभे केले आणि उड्डियान व नौली करताना पोटात नेमके काय घडते ते पाहिले. बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप वर ओढले जाते, ते कशाने, हा जुना प्रश्न होता. कुवलयानंदांनी दाबमापकाने मोजून दाखवले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली जातो आणि म्हणून पाणी आत येते. या निर्वाताला त्यांनी गुरूचे नाव दिले, ‘माधवदास निर्वात’. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले, आणि असे प्रयोग त्यात आकड्यांसह छापले जाऊ लागले.

पण माझ्या दृष्टीने त्यांचे खरे मोठेपण दुसऱ्याच प्रयोगात आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही प्रत्येक उद्यानात ऐकू येते. कुवलयानंदांनी प्राणायामातील प्राणवायूचे ग्रहण मोजले. निष्कर्ष उलटा निघाला. तेवढ्याच वेळच्या साध्या श्वसनाहून प्राणायामात अधिक प्राणवायू घेतला जातो असे दिसेना. एखादा प्रचारक असता तर ती वही त्याने मिटून ठेवली असती. कुवलयानंदांनी ते छापले, आणि प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या हिशेबात नसून अन्यत्र शोधले पाहिजे, अशी भूमिका घेतली. त्यांची श्रद्धा त्यामुळे तसूभर ढळली नाही. आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९६६ पर्यंत, ते प्राणायाम शिकवीत राहिले.

आजोबांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, ‘मग लोक अजून प्राणवायू, प्राणवायू का म्हणतात?’ याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

ही परंपरा तेथेच थांबली नाही. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून आले. हृदय थांबवून दाखवतो असे म्हणणाऱ्या योगाभ्यासींना त्यांनी विद्युत्-आलेखाची यंत्रे जोडली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. के. आनंद यांच्यासह १९६१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटते, नाडी हाताला लागत नाही, ठोकेही ऐकू येत नाहीत. आलेखावर मात्र हृदय चालूच असते. चमत्कार गेला, पण शरीरावर माणसाचा ताबा कोठवर चालू शकतो याचे मोजमाप हाती आले.

अभिमानाने केलेला दावा आणि कसोटीला उतरलेला दावा यांतील अंतर ध्यानाच्या बाबतीतही दिसले. महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीवर रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि १९७० साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. ध्यान ही जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांहून निराळी शारीरिक अवस्था आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे त्याचे फार कौतुक झाले. पुढे १९८४ मध्ये डेव्हिड होम्स या मानसशास्त्रज्ञाने तोवरचे अभ्यास एकत्र पाहून विचारले की डोळे मिटून नुसते स्वस्थ बसणाऱ्याच्या तुलनेत ध्यान करणाऱ्याच्या शरीरात वेगळे काय घडते? त्याला फारसा फरक आढळला नाही. हा प्रश्न आपल्याला बोचतो. परंतु या विषयात प्रबंध लिहिणाऱ्याला तो पहिल्या दिवशी स्वतःलाच विचारावा लागतो. कोणाशी तुलना करणार, हे ज्याने ठरवले नाही त्याचे संशोधन म्हणजे आकडे घातलेली प्रशस्ती.

याचा अर्थ हाती सगळे नकारच येतात असे नव्हे. विवेकानंद केंद्राचे काम एकनाथजी रानडे यांनी उभे केले, त्यात १९७५ साली अभियांत्रिकीतील विद्यावाचस्पती डॉ. एच. आर. नागेंद्र दाखल झाले. त्यांनी आणि डॉ. आर. नागरत्ना यांनी दम्याच्या ५३ रुग्णांना योगाभ्यास दिला आणि वय, लिंग व रोगाची तीव्रता जुळणाऱ्या दुसऱ्या ५३ रुग्णांशी त्यांची तुलना केली. योग करणाऱ्यांना दम्याचे झटके कमी आले, औषधही कमी लागले. १९८५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो निबंध छापला. त्याच कार्यातून बंगळूरची ‘स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थान’ ही संस्था वाढली आणि २००२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अलीकडचे उदाहरण हृदयविकाराचे. भारतातील २४ केंद्रांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू वा पुन्हा झटका येणे यांत योगामुळे निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही, मात्र रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. संशोधकांनी दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे लिहिल्या. माझ्या मते ‘योगाने हृदयविकार पळाला’ अशा शंभर मथळ्यांपेक्षा या एका निबंधाने योगाची सेवा अधिक केली आहे.

राहिली आईची चिंता. तिघांत तीच व्यवहाराची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात. म्हणजे पंचविशीची मुलगी तिशीला येणार. योग हा विषय २०१७ पासून ‘नेट’ परीक्षेत आहे, त्यामुळे अध्यापनाची वाट खुली झाली. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत आणि बंगळूरच्या निमहान्समध्ये एकात्मिक वैद्यकाचे विभाग आहेत. पण जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

मुलीने परदेशी विद्यापीठाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही पाहून ठेवला होता. घरबसल्या पदवी, शुल्क डोळे पांढरे करणारे. तिला मी एवढेच दाखवले की आपल्या नियमावलीनुसार दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही, आणि खासगी कंपन्यांमार्फत परदेशी विद्यापीठांच्या अशा ऑनलाइन पदव्या देऊ करणाऱ्या जाहिरातींना भुलू नये, असा इशारा आयोगाने २०२२ मध्येच दिला आहे. कर्ज काढून मिळवलेली पदवी येथे नोकरीला चालली नाही तर दाद कोठे मागणार? त्यापेक्षा मार्गदर्शक कोण, त्यांचे आधीचे विद्यार्थी काय करतात, रुग्णालयाशी करार आहे का, नैतिक समिती नियमित बसते का, संख्याशास्त्र कोण शिकवणार, हे आधी विचारावे. इमारतीचे छायाचित्र पाहून प्रवेश घेऊ नये.

मुलगी हुशार आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेवर तिला काम करायचे आहे. झोपण्यापूर्वी वीस मिनिटे मंद श्वसन करणाऱ्या आणि तितकाच वेळ नुसते पडून राहणाऱ्या, असे दोन गट ती करणार म्हणते. दोन गट ही कल्पना तिची स्वतःची. फरक आढळला नाही तर, असे आजोबांनी विचारले. ‘तर तसे लिहीन,’ ती म्हणाली. आजोबांना ते फारसे रुचले नसावे, परंतु प्रवेशपरीक्षेला बंगळूरला तिच्याबरोबर कोण जाणार ही चर्चा निघाली तेव्हा पहिले नाव त्यांनी स्वतःचेच पुढे केले.