मितोमाचा बी.ई. प्रोजेक्ट

परवा रूमवर कुणीतरी पुन्हा तीच क्लिप लावली. कतारचा वर्ल्ड कप, १ डिसेंबर २०२२, जपान विरुद्ध स्पेन. बॉल रेषेबाहेर चाललाय, काओरू मितोमा घसरत येऊन तो आत ढकलतो आणि तनाका गोल मारतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजून गेले होते. जपान २-१ जिंकलं आणि वरून काढलेला त्या बॉलचा फोटो जगभर फिरला.

ज्यांची ड्रॉइंगची केटी राहिली आहे त्यांनी तो फोटो नीट बघावा. बॉल जमिनीला टेकलाय रेषेच्या बाहेर, पण टॉप व्ह्यूमध्ये त्याचा फुगवटा अजून रेषेवर आहे. नियम म्हणतो, अख्खा बॉल पलीकडे गेला पाहिजे. झालं! जपानमध्ये 'मितोमाचा १ मिलिमीटर' असा शब्दच रूढ झाला आणि पठ्ठ्या नेटवर हिट झाला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रायटनकडून चेल्सीविरुद्ध त्याने मारलेला गोलही असाच मोबाईल टू मोबाईल फिरला.

पण त्याची सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारी गोष्ट वेगळीच आहे. 'या माणसाने ड्रिब्लिंगमध्ये पीएचडी केली आहे!' साफ चूक. १८ व्या वर्षी कावासाकी फ्रोंतालेने सीनियर टीममध्ये बोलावलं असताना हा नाही म्हणाला आणि त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला. तिथे सहकाऱ्यांच्या डोक्यांवर छोटे कॅमेरे बांधून चांगला खेळाडू बॉल घेताना नेमका कुठे बघतो हे तपासलं आणि पदवीसाठी त्यावर प्रबंध लिहिला. म्हणजे आपल्या भाषेत बी.ई. प्रोजेक्ट. २०२० मध्ये त्याच क्लबमध्ये परतला आणि पहिल्याच सीझनला लीगमध्ये १३ गोल केले.

माझं भांडण त्या 'पीएचडी'शी आहे. पीएचडी म्हटलं की आपण सुटलो, तो कुणीतरी थोर माणूस! फायनल इयरचा पोरगा म्हटलं की मात्र जरा टोचतं.

मला तर चांगलंच टोचलं. टी.ई.ला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट एका दुकानातून रेडीमेड आणला. रिपोर्टही तिथलाच. आभाराच्या पानावर दुसऱ्याच कॉलेजच्या सरांचं नाव निघालं, ते व्हाइटनरने खोडलं. व्हायवाला एक्स्टर्नलनी एवढंच विचारलं, "हा सेन्सर इथेच का बसवला?" आम्ही चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मार्क मिळाले, चांगले मिळाले, तेच वाईट झालं.

मितोमाकडे भारी लॅब होती असं नाही, डोक्याला बांधायचे कॅमेरे म्हणजे काही रॉकेट नव्हे. फक्त प्रश्न त्याचा स्वतःचा होता, रोज मैदानावर पडणारा. आपल्याकडे विषयांची यादी नोटीस बोर्डावर लागते आणि आपण त्यातला 'सोपा कुठला' तो शोधतो. (स्टाफरूममध्ये अंक वाचत असलेल्या सरांनी कृपया रागावू नये, यादी आम्हीच मागतो.)

आमच्या विंगमध्ये एक जण आहे. सोलरचं गरम पाणी तिसऱ्या मजल्यावर का पोचत नाही यावर तो रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून तावातावाने बोलतो, पाइपचे व्यास तोंडपाठ. म्हटलं, हाच प्रोजेक्ट घे ना.

तर म्हणाला, "येडा आहेस का? याला मार्क कोण देणार?"