सेवेची ओवाळणी

आपल्या भाषेत काही शब्द फार सोयीचे आहेत. कुणाचे देणे लांबणीवर टाकायचे असले की ते हटकून उपयोगी पडतात. ‘सेवा’ हा त्यांतला मेरुमणी! एखाद्याच्या कामाला नोकरी म्हटले की पगार, रजा, बढती अशी सारी वरात मागोमाग येते. त्याच कामाला सेवा म्हटले की शाल आणि नारळ यांवर भागते. ‘मानधन’ हा तर त्याहून नामी शब्द. त्यातला मान भाषणात द्यायचा आणि धनाचे पुढच्या अंदाजपत्रकात पाहू म्हणायचे.

ऐन दिवाळीत चकलीबरोबर हा कडू घास कशाला, असे वाचक विचारतील. पण विषय दिवाळीचाच आहे. आपले राज्य सरकार अंगणवाडी सेविकांना या सणाला ‘भाऊबीज भेट’ देते. २०२५ साली ती २००० रुपयांची होती. त्या रकमेविषयी मी बोलत नाही. मी बोलतो आहे त्या नात्याविषयी. ओवाळणी भाऊ खुशीने घालतो, बहिणीने ती मोजून घ्यायची नसते. एकदा हे नाते ठरवून टाकले की हिशेब मागणारी बहीण आपोआप भांडखोर ठरते!

मी शाळामास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचे जे आले ते मुलांपुढे उभे राहून आणि रात्री कादंबऱ्यांचे कागद खरडून. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या पोरांपैकी कोण अंगणवाडीत खरोखर घडून आले आहे, हे मला आठ दिवसांत कळते. ओळीने बसणे, हात धुऊन जेवणे, गाण्यावर टाळी धरणे, दुसऱ्याचे खेळणे परत देणे हे पोराला आपोआप येत नाही. ते कुणी तरी शिकवलेले असते. पण माझ्या कामाला शासन नोकरी म्हणते आणि त्या बाईला ‘मानसेवी’ म्हणते.

या मानसेवी बाईचे काम तरी केवढे? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला दवाखान्यापर्यंत पोचवणे आणि मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण. म्हणजे बालशिक्षिका, परिचारिका, कारकून आणि समाजसेविका अशा चौघींचे काम एकटीच्या पदराला बांधलेले. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ पासून तिचे मानधन ३००० वरून ४५०० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. गंमत अशी, की त्याच २०१८ सालच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात तिला संपबंदीचा अत्यावश्यक सेवेचा कायदा लावण्यात आला होता. ओरड झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. पगाराच्या वेळी ती मानसेवी आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक! हे तर्कशास्त्र कोणत्या पाठशाळेत शिकवतात, ते मला कळलेले नाही.

तिच्या मनाचे काय, हे तर कोणी विचारतच नाही. आईबाप ऊसतोडीला गेले, पोर वजनात उतरले, सेविकेने चार खेपा घातल्या आणि तरी ते पोर गेले. त्या दिवशी तिला जाब विचारणारे पुष्कळ असतात, धीर देणारा एकही नसतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा हसऱ्या तोंडाने बडबडगीते म्हणायची. पोलादालाही वंगण लागते, वाचकहो. ही तर हाडामांसाची बाई!

“प्रशिक्षणे होतात की!” असे साहेबलोक सांगतील. होतात. पण बहुधा नवी आज्ञा आली की तिलाच प्रशिक्षण म्हणण्याची रीत पडली आहे. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले नादुरुस्त फोन परत केले. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा फोनने ओळखणे सक्तीचे झाले. फोनचे बटण कुठे दाबावे हे कळणे म्हणजे आज्ञापालन. पोर का बोलत नाही हे कळणे म्हणजे विद्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. चांगले आहे. पण दिवसभराचे काम, नोंदी आणि घरचा संसार उरकून ती हा अभ्यास करणार केव्हा? आणि केला, तर तिच्या मानधनात काय फरक पडणार?

“शिक्षण आणि पैसा आला की सेवाभाव मरतो” असे म्हणणाऱ्यांना माझी दोन उत्तरे आहेत. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्यांच्याहून मोठा त्यागी दाखवा पाहू! पण त्यांनी सदस्याला आधी पाच वर्षे शिक्षण घ्यायला लावले आणि त्याच्या कुटुंबाच्या पोटाची सोयही समाजाकडे ठेवली. दुसरे उत्तर कोसबाडच्या टेकडीवरचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले आणि आदिवासी पोरांच्या अंगणात शाळा नेली. त्या अनुताईंनी पन्नाशी उलटल्यावर पदवी मिळवली. शिकल्याने त्यांचा सेवाभाव आटला, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. न्यायालयाला जे दिसले ते आपल्याला दिसू नये? वर्षातून काही दिवस पगारी अभ्यासरजा आणि तेवढ्यापुरती बदली बाई, शिकवणी मराठीत, शिकल्यास वेतनात वाढ, आणि महिन्यातून एक अशी बैठक, की जिथे रजिस्टर उघडायचे नाही, फक्त एकमेकींशी मन मोकळे करायचे. एवढ्याने कोणतीही तिजोरी बुडत नाही.

तुमचे नातवंडही कुठल्या तरी अंगणवाडीच्या सतरंजीवर बसलेले असेल. त्याला हात धरून चालवणारी बाई थकलेली, अर्धशिकली आणि उपेक्षित असावी, असे तुम्हाला वाटते काय? वाटत नसेल, तर पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला तिच्याविषयी एक प्रश्न विचारा. ओवाळणी नको, तिचा हक्क द्या, एवढेच त्याला सांगा.