हवा झाली, पण धंदा झाला नाही

परवा बॅच संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. घरी बनवलेल्या चटण्या विकतो. त्याची एक रील चालली आणि चार दिवसांत दोनशेच्या वर ऑर्डरी आल्या. म्हणाला, "सर, आता नोकरी सोडतो. आपली हवा झालीय." मी त्याला विचारलं, जे इलेक्ट्रॉनिका माहितीय का? त्याला वाटलं मी मिक्सर घ्यायला एखादं दुकान सांगतोय.

जे इलेक्ट्रॉनिका हा न्यू ऑर्लिन्सचा रॅपर. 2009 च्या शेवटी त्याचं 'एक्झिबिट सी' आलं तेव्हा मी बीबीएला होतो, आणि खरं सांगायचं तर लेक्चरपेक्षा हेडफोनच जास्त लावायचो. पाच मिनिटांच्या वर गाणं, कोरस नाही, नाचायचं काही नाही, नुसतं बोलणं. पण काय बोलणं! ऐकणाऱ्या सगळ्यांचं एकच मत होतं की पुढचा मोठा माणूस हाच. 2010 मध्ये जे-झीच्या रॉक नेशन कंपनीने त्याला करारात घेतलं. म्हणजे गुण आहे, नाव आहे, पाठीशी पैसा आहे. आपल्यापैकी कुणाला एवढं मिळालं तर आपण पेढे वाटू.

त्याचा पहिला अल्बम आला मार्च 2020 मध्ये. दहा वर्षं गेली मधे. आणि त्याने स्वतःच सांगितलं की तो रेकॉर्ड झाला 40 दिवसांत!

अल्बम वाईट नव्हता, ग्रॅमीचं नामांकनसुद्धा मिळालं. पण 2010 ला जी पोरं त्याच्यासाठी वेडी होती त्यांची तोवर लग्नं होऊन मुलं शाळेत गेली होती. (माझंच सांगतोय.) कंपनीवर खापर फोडायचं म्हटलं तर तेही जमत नाही. त्याच रॉक नेशनमध्ये जे. कोल होता. त्याचा पहिला अल्बम 2011 ला आला आणि 2018 पर्यंत पाच झाले, पाचही अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर. कोल जास्त हुशार होता का? माझ्या मते नाही, शब्दांत जे इलेक्ट्रॉनिका त्याला भारी पडेल. पण कोलचं दुकान रोज उघडायचं.

लोक म्हणतात अशी माणसं आळशी असतात. मला ते पटत नाही. आळशी माणसाकडून 'एक्झिबिट सी' होत नाही. मला वाटतं पहिला माल फार चांगला निघाला की दुसऱ्याची भीती बसते. आता त्याच्या खालचं दिलं तर लोक काय म्हणतील, थोडं अजून सुधारू, थोडं थांबू. गिऱ्हाईक मात्र थांबत नाही, ते शेजारच्या दुकानात जातं आणि तिकडची सवय लागते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथे नीट लक्ष द्या. न्यूयॉर्कचा पॅपूस 2006 ला जाइव्ह कंपनीकडे गेला, रक्कम 15 लाख डॉलर असल्याचं छापून आलं होतं. त्याचा पहिला अल्बम निघाला 2013 ला, तोही त्या कंपनीतून बाहेर पडल्यावर. नवी पोरं ॲडव्हान्सला बक्षीस समजतात. तो पुढच्या कमाईवरचा हप्ता असतो. कलाकाराच्या वाट्यातून आधी तो वळता होतो, त्यात बऱ्याचदा रेकॉर्डिंगचा खर्चही जातो, आणि मगच हातात रुपया येतो. वर माल कधी बाजारात आणायचा हे बहुतेक वेळा कंपनी ठरवते. तिने नाही काढला तर तुम्ही दुसरीकडेही देऊ शकत नाही.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. माझं टी-शर्ट प्रिंटिंगचं दुकान. 2018 ला आमच्याकडच्या बोलीतली एक ओळ छापलेलं डिझाइन जोरात चाललं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने 60 हजार ॲडव्हान्स दिला, अट एकच, हे डिझाइन फक्त मला द्यायचं. मी नाचत सही केली. त्याने पहिल्या लॉटनंतर ऑर्डरच दिली नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, गिऱ्हाईक दारात येऊन तोच टी-शर्ट मागायचं आणि मी "संपलाय" म्हणायचो. नऊ महिन्यांनी पैसे परत करून सुटलो, तोवर त्या ओळीची गंमत गेली होती. त्या व्यापाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आता उलटं उदाहरण, आणि हे माझं सगळ्यात आवडतं. लॉस एंजेलिसचा निप्सी हसल. मोठ्या कंपनीतून 2010 च्या सुमारास बाहेर पडला. 2013 ला त्याने 'क्रेनशॉ' नावाची मिक्सटेप काढली. गाणी नेटवर फुकट, पण छापील प्रती फक्त 1000, एकेक 100 डॉलरला. लोक हसले. सगळ्या प्रती गेल्या, त्यातल्या 100 एकट्या जे-झीने घेतल्या. हिशोब करा, एक लाख डॉलर, आणि मधे कोणी नाही. त्याने लाखो ऐकणारे मोजले नाहीत, 100 डॉलर देणारे हजार शोधले. पुढे ज्या चौकात तो पूर्वी गाडीतून सीडी विकायचा तिथेच 2017 ला कपड्यांचं दुकान थाटलं. पहिला स्टुडिओ अल्बम आला 2018 ला. म्हणजे वेळ त्यालाही लागलाच की! पण मधल्या वर्षांत तो मिक्सटेप काढत राहिला, विकत राहिला, गिऱ्हाईक धरून राहिला. 31 मार्च 2019 ला त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घातल्या. वय 33. ते ऐकलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं.

आपल्या मुंबईतही बघा. नेझी आणि डिव्हाइन यांनी 2015 ला 'मेरे गली में' एकत्र केलं. नेझीने तर त्याआधी आयपॅडवर शूट केलेल्या 'आफत'ने कुर्ल्याचं नाव गाजवलं होतं. मधे तो बराच काळ दिसलाच नाही. कारणं त्याची, घरची, त्यावर बोलायचा मला हक्क नाही. पण 2019 ला दोघांवरून प्रेरणा घेतलेला 'गली बॉय' आला तेव्हा डिव्हाइनकडे द्यायला नवा माल होता, आणि त्याच वर्षी त्याने 'गली गँग' ही स्वतःची कंपनी उभी केली. लाट दोघांच्या दारात एकाच दिवशी आली होती.

तर तो चटणीवाला. मी त्याला एवढंच विचारलं, "दोनशेपैकी दुसऱ्यांदा किती जणांनी मागवली?" त्याला माहीत नव्हतं. तिथेच बाकावर बसून मोबाईलमधले मेसेज चाळत मोजायला लागला, पंधरा-वीस मिनिटं गेली. अकरा निघाले. राजीनाम्याचा मेल त्याच्या ड्राफ्टमध्ये अजून पडून आहे. या रविवारी तो त्या अकरा जणांना फोन करतोय, तिखट कमी हवं की जास्त, एवढंच विचारायला.