पहिले क्लिपलेस पेडल : पाय अडकण्यापेक्षा सुटणे महत्त्वाचे

मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना कासू हे नाव गावापेक्षा टप्पा म्हणूनच जास्त ठाऊक असते. पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर, असे या रस्त्याच्या रुंदीकरणाचे दोन तुकडे वर्षानुवर्षे बातम्यांत येत राहिले. पेण आणि नागोठणे यांच्या मधले हे गाव पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे एक लहान स्थानकही आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र या परिसराची ओळख निराळी आहे. महामार्गावर अवजड ट्रक आणि कडेची सुटी खडी, तर महामार्ग सोडला की भाताची खाचरे, बांध आणि डोंगराकडे जाणारे मातीचे रस्ते. थोड्याच अंतरात दोन्ही प्रकारचे रस्ते मिळत असल्याने माउंटन बाइक चालवणाऱ्याला हा भाग आवडतो. आणि वर्ष-दोन वर्षे सायकल चालवून झाली, की यातल्या अनेकांना एक प्रश्न पडतो : आता क्लिपलेस पेडल आणि त्याचे शूज घ्यायचे का, आणि घ्यायचे तर कोणते?

दुकानात याचे उत्तर बहुधा वेगाच्या भाषेत मिळते. पाय पेडलला जोडला गेला की ताकद वाया जात नाही, पेडल दाबताही येते आणि वर ओढताही येते, त्यामुळे सायकल जोरात पळते, असे सांगितले जाते. माझे मत असे, की पहिली जोडी निवडताना हा निकषच चुकीचा आहे. पाय पेडलला किती घट्ट बसतो यापेक्षा तो हवा तेव्हा किती सहज सुटतो, हे आधी पाहावे. कोकणातल्या रस्त्यांवर तर हा फरक थेट हाडांशी येऊन भिडतो.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. ‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेले. पण या पेडलमध्ये पाय चक्क अडकवला जातो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पावलाचा पुढचा भाग धरून ठेवणारा पिंजरा आणि पट्टा असे. त्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून नव्या पेडलचे नाव क्लिपलेस पडले. यात शूजच्या तळाला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा एक तुकडा, म्हणजे क्लीट, स्क्रूने बसवलेला असतो. तो पेडलमधल्या स्प्रिंगच्या जबड्यात ‘खट्’ करून बसतो आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो.

या पेडलचा इतिहास पाहिला, तर तो पाय अडकवण्यापेक्षा सोडवण्याचाच इतिहास आहे. इटलीच्या चिनो चिनेल्ली यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला असे एक पेडल बाजारात आणले होते. त्यात पाय पक्का बसायचा. पण काढण्यासाठी खाली वाकून हाताने खटका सरकवावा लागायचा. ते फारसे चालले नाही. पुढे फ्रान्सच्या लूक या कंपनीने बर्फावरच्या स्कीच्या बांधणीतली युक्ती सायकलीला लावली. स्की खेळताना पडल्यावर बूट आपोआप सुटला नाही तर पाय मोडतो. म्हणून ती बांधणी पिळ बसताच सुटेल अशी केलेली असते. १९८४ मध्ये लूकचे पेडल आले आणि १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. मग १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने माउंटन बाइकसाठी छोट्या क्लीटची एसपीडी पद्धत आणली. ही क्लीट तळाच्या खाचेत आत बसते, त्यामुळे शूज घालून चालताही येते. आज माउंटन बाइकचे बहुतेक शूज याच दोन स्क्रूंच्या मापाचे असतात.

आता वेगाच्या दाव्याकडे वळू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलस्वारांना तीन प्रकारे पेडल मारायला लावले : साधे धावण्याचे बूट आणि सपाट पेडल, तेच बूट आणि टो-क्लिप, आणि सायकलिंगचे शूज व क्लिपलेस पेडल. बेताच्या वेगाने चालवताना शरीराला लागणाऱ्या ऊर्जेत लक्षणीय फरक आढळला नाही. पेडल वर ओढण्याबद्दल २००७ मधला एक अभ्यास आहे. सायकलस्वारांनी मुद्दाम पेडल वर ओढले, तेव्हा बळ योग्य दिशेने लागले खरे. पण तेवढ्याच कामासाठी शरीराची ऊर्जा जास्त खर्च झाली. वर ओढणारे स्नायू मांडीच्या पुढच्या स्नायूंइतके दणकट नसतात, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. आपला पाय खाली दाबण्यासाठीच घडला आहे.

याचा अर्थ क्लिपलेस निरुपयोगी आहे असा नाही. पूर्ण जोर लावून थोडा वेळ सायकल पळवायची असेल, तर त्याचा फायदा दिसतो. खडबडीत उतारावर सायकल उडते तेव्हा पाय पेडलवरून घसरत नाही. पेडल निसटून दाते नडगीवर घासण्याचा त्रास टळतो. लांबच्या प्रवासात पाऊल तासन्‌तास एकाच जागी राहते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अशा कामगिरीमुळे महाराष्ट्रात सायकलिंगची गोडी वाढली, हे चांगलेच झाले. पण अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीची गरज वेगळी आणि रविवारी सकाळी चाळीस किलोमीटर जाऊन येणाऱ्याची गरज वेगळी.

दुसऱ्या गटातल्या माणसाला धोका असतो तो वेग शून्य झाल्यावर. क्लिपलेस वापरू लागलेले बहुतेक जण पडतात ते उतारावर नव्हे, तर थांबताना. पुढची गाडी अचानक थांबते, खड्डा चुकवताना तोल जातो किंवा चढावर चाक चिखलात रुतते. पाय सुटत नाही आणि माणूस झाड उन्मळावे तसा आडवा होतो. सहजप्रवृत्तीने हात पुढे येतो आणि सगळा भार मनगटावर किंवा खांद्यावर जातो. तिशीतल्या माणसाचे बहुधा खरचटण्यावर निभावते. पण साठीच्या पुढे, हाडे ठिसूळ झालेली असतील तर मनगट किंवा खुबा मोडू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा मारही महागात पडतो. अशांनी क्लिपलेस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आणि महामार्गावर असे आडवे पडताना मागून ट्रक येत असेल, तर वयाचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून पेडल निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो का. एसपीडी पद्धतीच्या पेडलला मागे एक छोटा स्क्रू असतो. तो अॅलन कीने फिरवून ताण सर्वांत कमी ठेवावा आणि काही महिने तसाच राहू द्यावा. दुसरी, क्लीट कोणती. शिमानोच्या नेहमीच्या एसएच ५१ क्लीटमधून पाय टाच बाजूला वळवली की सुटतो. एसएच ५६ ही क्लीट अनेक दिशांनी सुटते. घाबरून पाय तिरका वर खेचला तरी मोकळा होतो. नवख्याला हीच योग्य. पेडलसोबत ती नसेल तर वेगळी मागून घ्यावी. तिसरी, एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला सपाट असे पेडल मिळते, त्याचा विचार करावा. उजवी बाजू शोधायला पेडल पायाने उलटावे लागते, ही त्याची गैरसोय. पण गर्दीत सपाट बाजूवर साधे पाय ठेवून आणि मोकळ्या रस्त्यावर क्लिप लावून चालवता येते. महामार्गावरून मातीच्या रस्त्यावर उतरणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

चिखलाचाही विचार हवा. पावसाळ्यात खाचरांच्या कडेची चिकट माती क्लीटच्या खाचेत भरते आणि पाय नीट बसतही नाही, सुटतही नाही. क्रँकब्रदर्सचे एग बीटर किंवा टाइम कंपनीचे अटॅक यांसारखी उघड्या बांधणीची पेडल चिखल चांगला झटकतात. मात्र क्रँकब्रदर्सच्या पेडलचा ताण बदलता येत नाही आणि त्याची पितळी क्लीट लवकर झिजते. भर पावसात मातीत उतरायचे असेल, तर साधे सपाट पेडल आणि चांगल्या पकडीचे बूट हा मार्ग नवख्यासाठी सर्वांत शहाणपणाचा. त्यात कमीपणा काहीच नाही.

शूजच्या बाबतीत पैसे विचार करून खर्चावेत, कारण पेडल बरीच वर्षे टिकते, पण न बसणारा शूज पहिल्या महिन्यातच कपाटात जातो. खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभरात पाऊल थोडे सुजलेले असते. जे मोजे घालून सायकल चालवता तेच घालून दोन्ही पायांत शूज घालून पाहावेत, कारण दोन पावले सारखी नसतात. बोटे मोकळी हलली पाहिजेत आणि टाच वर उचलली जाता कामा नये. शूज आवळून दहा मिनिटे दुकानात चालावे. चवड्याला मुंग्या येत असतील, तर ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. तळ पेडलवर वाकू नये इतका कडक हवा. पण कार्बनच्या दगडासारख्या तळाची पहिल्या जोडीत गरज नाही. चढावर सायकल हाताने ढकलत न्यावी लागतेच, तेव्हा रबरी दाते असलेला, चालता येणारा तळ उपयोगी पडतो. रोड बाइकचे तीन स्क्रूंच्या क्लीटचे गुळगुळीत शूज खडीवर घसरतात. माउंटन बाइकसाठी ते घेऊ नयेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर विशेष जपावे. घट्ट शूजमुळे झालेली जखम त्यांना कळतही नाही.

राहिला गुडघा. मिनिटाला ८० फेरे या गतीने तासाभरात प्रत्येक पाय ४,८०० वेळा फिरतो. सपाट पेडलवर पाऊल नकळत आपली सोयीची जागा शोधते. क्लिपलेसमध्ये क्लीट जिथे बसवली तिथेच ते राहते. क्लीट थोडी तिरकी बसली, तर ती चूक गुडघ्याला तासाला ४,८०० वेळा सोसावी लागते. म्हणून सुरुवातीला क्लीट चवड्याच्या, म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याच्या किंचित मागे बसवावी. खुर्चीवर बसून पाय लोंबते सोडल्यावर पावले ज्या कोनात राहतात, तोच कोन ठेवावा. पेडल आणि तळाची जाडी बदलल्यामुळे सीटची उंचीही पुन्हा तपासावी. गुडघा दुखू लागला तर एका वेळी एकच बदल, तोही दोन-तीन मिलिमीटरचा करून पाहावा. दुखणे थांबले नाही तर सपाट पेडलवर परत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

रस्त्यावर निघण्यापूर्वी सराव अत्यावश्यक आहे. भिंतीला धरून, मग गवतावर, प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा आणि सोडवावा. ब्रेक दाबण्याआधी पाय सोडवायचा, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून नेहमी डावा पाय आधी सोडवावा. तोल गेलाच तर माणूस गाड्यांकडे न पडता रस्त्याच्या कडेला पडतो. रेल्वे फाटक, गावातला बाजार, उखडलेला रस्ता दिसला की आधीच पाय मोकळा करावा. पावसाळ्यानंतर क्लीटचे स्क्रू काढून ग्रीस लावावे. कोकणच्या दमट हवेत ते गंजून बसले तर पुढे निघत नाहीत. स्क्रू ढिला झाला तर क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी फिरते आणि पाय सुटत नाही, हे तर कायम ध्यानात ठेवावे.

यात दुकानदारांचीही जबाबदारी आहे. पेडल, शूज आणि क्लीट यांचा एकत्र खर्च साध्या नव्या सायकलच्या किमतीच्या घरात जातो. एवढे पैसे घेताना ताण कमी करून देणे, क्लीट नीट बसवून देणे आणि दुकानासमोर दहा मिनिटे सराव करून घेणे, ही मेहेरबानी नव्हे, विक्रीचाच भाग मानला पाहिजे. ग्राहकानेही ते हक्काने मागावे.

कासूच्या आसपास आजही कामावर आणि शाळेत जाणारी माणसे रबरी ठोकळ्यांच्या पेडलवर चपला घालून सायकल चालवतात. त्यांचे काही अडत नाही. क्लिपलेस ही गरज नाही, हौस आहे, आणि हौसेला मोल असते. ते मोल पैशातच चुकते व्हावे. मनगटाच्या हाडाने किंवा गुडघ्याच्या कूर्चेने ते चुकवण्याची वेळ येऊ नये. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न ‘याने वेग किती वाढेल?’ असा विचारू नका. ‘यातून पाय किती सहज सुटतो, ते आधी दाखवा,’ असे म्हणा.