टाळ्या कोणासाठी?

एआयच्या शर्यतीत चीनने अमेरिकेची जिरवली की आपल्यातल्या अनेक तरुणांना आनंद होतो. गाझाकडे पाहिले की त्यामागचा राग मला कळतो; आनंद मात्र पटत नाही. शिनजियांगमध्ये उइगर मुस्लिमांवर पाळत ठेवायला चीनने हेच तंत्रज्ञान वापरले. त्याच कारणाने ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने हिकव्हिजन, सेन्सटाइम, मेग्वी या कंपन्यांना काळ्या यादीत टाकले. इस्रायली सैन्याला सेवा पुरवणाऱ्या स्वतःच्या कंपन्यांना मात्र तिने हात लावला नाही.

थांबलो तर मागे पडू, ही दोघांचीही सबब. ती खोटी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा येथे बायडेन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केले, की अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय यंत्राच्या नव्हे, माणसाच्याच हाती राहावा. स्वतःच्या जिवावर बेतले की दोघे एकत्र येतात. मग पाळतीबाबत का नाही? कारण तिथे धोका राज्यकर्त्यांना नाही, दुबळ्यांना आहे.

म्हणून मित्रांनो, झेंडा पाहून टाळ्या नकोत. पाळत कोणावर आहे, एवढेच विचारू या. तो माणूस मुस्लिम नसेल, तरीही.