फडा लक्ष्मी, अन् बांधणारा कोण?

दिवाळीत आख्खा बुलढाणा जिल्हा शिंदीचा फडा विकत घेतो. लक्ष्मीपूजनाला त्याला हळद-कुंकू लागतं. फडा म्हंजे लक्ष्मी. लक्ष्मी देवघरापर्यंत जाते, अन् तिला बांधणारा मातंग उंबऱ्याबाहेर सुट्टे पैसे मोजत उभा.

आता नवी पूजा निघालीय. शहरातल्या प्रदर्शनात तोच फडा, तीच बुरडाची टोपली, चिठ्ठी लावून. हातानं बनवलेलं. निसर्गस्नेही. प्लास्टिकमुक्त. सगळं लिहितात साले, हात कोणाचा ते लिहीत नाहीत.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल चालवली अन् तिला नुसती चामड्याची सँडल म्हटलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. इकडं बोंब उठली, महाराष्ट्राचा वारसा चोरला! दोस्तहो, त्या बोंबेत चांभार हा शब्द कितीदा ऐकला? २०१५ ला राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, चामड्याचे वांधे झाले, तवा हे वारसावाले कुठं निजले होते?

ब्राझीलकडं पाहा. १९७२ ला आपल्या पँथरनं अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव घेतलं, ब्राझीलचे काळे मात्र आपल्या वाचनात कमीच आले. तिथं टोकांटिन्स राज्यात मुंबुका नावाचं गाव आहे. वस्ती गुलामांच्या वंशजांची. माळावरचं सोनेरी गवत ते ताडाच्या धाग्यानं शिवतात. टोपल्या, ताटं, दागिने करतात. २० सप्टेंबरच्या आत गवत कापायचं नाही, बी पडू द्यायचं, असा कायदा. २०११ ला त्यालाही मानांकन मिळालं. पण मुद्दा मानांकनाचा नाही. ही विद्या त्यांच्या आजी-पणज्यांनी तिथल्या आदिवासींकडून घेतली असं सांगतात. घेतली! काळ्याच्या पोटी जन्मला म्हणून कोणी गवत शिवायला बसवलं नाही. त्यांची टोपली शिकलेली आहे, आमची लादलेली.

म्हणून आपल्यातले काही जण म्हणतात, आपणही फड्याचा ब्रँड करू, तवा मी नाही म्हणत नाही. जिनिंगात सरकीची धूळ खाणाऱ्या माणसानं हातच्या कामाला नाक कायले मुरडावं? बोटं सोलून निघतात शिंदीच्या पाल्यानं, त्याचा दाम मिळालाच पायजे.

पण सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं काढलेली विश्वकर्मा योजना वाचा. अठरा धंदे. त्यात चांभार आहे, न्हावी आहे, परीट आहे, टोपली-चटई-झाडू करणारा आहे. पंधरा हजारांची अवजारं, पाच टक्क्यानं कर्ज. अन् अट काय? धंदा कुटुंबाचा परंपरागत पायजे. वर गुरू-शिष्य परंपरेचं गुणगान. म्हंजे मातंगाच्या पोरानं फडाच बांधावा, याला सरकारी शिक्का! १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, ते कशासाठी? तामिळनाडू सरकारनं २०२४ मध्ये कळवलं, ही योजना आहे तशी आम्ही राबवणार नाही. आपल्या राज्यात एवढी ताठ मान कोणाची दिसली?

बामणाच्या पोराला टोपली विणायची असंल तर त्यालाही कर्ज द्या. मातंगाच्या पोरीला लेथ मशीन पायजे असंल तर तिलाही, त्याच पाच टक्क्यानं. परंपरेची अट काढा, एवढीच मागणी घेऊन दिवाळीच्या आत बुलढाण्याला कलेक्टर कचेरीवर जायचं आहे. येताना फडे सोबत आणा.