इमारत उभी, छत खाली

भूकंप म्हटला की कोसळलेल्या भिंती तुमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण ११ मार्च २०११ रोजी जपानला मोठा धक्का बसला, तेव्हा टोकियोच्या कुदान काइकान सभागृहात एका शिक्षणसंस्थेचा पदवीदान समारंभ चालू होता. भूकंपाचे केंद्र तीनशे किलोमीटरहून दूर होते. १९३४ सालची ती इमारत उभीच राहिली. पडले ते आतले टांगते छत. त्यात दोघे दगावले, अनेक जखमी झाले.

टांगते छत म्हणजे आपण ज्याला ‘फॉल्स सीलिंग’ म्हणतो ते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात पक्क्या छताला तारा बांधून पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिच्या घरांत हलके तक्ते नुसते ठेवून देतात. तार ओढ सोसते, पण आडव्या धक्क्याला तिचा काहीच उपयोग नाही. इमारत हलली की छत झोपाळ्यासारखे झुलते, भिंतीवर आपटते, पट्ट्या निसटतात आणि तक्ते खाली येतात. खोक्यात चार दोऱ्यांनी एक पुठ्ठा टांगा आणि खोके हलवून पाहा!

मग तारा जाड कराव्यात का? छे! साखळी जाड केल्याने झोका थांबतो थोडाच? अमेरिकेच्या भूकंपप्रवण भागांत छत लगतच्या दोन भिंतींना जखडतात आणि समोरच्या दोन भिंतींपाशी सुमारे १९ मिलिमीटर फट सोडतात. तेथे चौकट सरकली तरी निसटू नये म्हणून खालची आधारपट्टी ५० मिलिमीटर रुंद घेतात. मोठ्या दालनांत चारी दिशांना तिरप्या तारा ताणतात आणि छत वर उचलले जाऊ नये म्हणून तेथेच एक उभा दांडा बसवतात.

यात अवघड गणित कोठे आहे? माझ्या मते खोट वाटणीत आहे. खांब आणि तुळया अभियंता आखतो. छत मात्र सजावट म्हणून अगदी शेवटी येते, आणि तेव्हा भूकंपाची आठवण कोणाला राहत नाही. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) पाहिलेल्या महाराष्ट्रात तरी असे होऊ नये.

तुमच्या शाळेच्या सभागृहात असे छत बसणार असेल, तर आधी विचारा, ते हवेच कशाला? जपानमधील कित्येक शाळांनी व्यायामशाळांतली टांगती छते सरळ काढून टाकली. आवाज घुमतो ही तक्रार खरी आहे. त्यासाठी भिंतींवर ध्वनिशोषक तक्ते पक्के बसवता येतात.